दुपारची वीज रात्री वापरायची तर

भर दुपारी लाईट जाते. गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेल आहेत, ऊन रणरणते आहे, ढगाचा मागमूस नाही. तरी घरातला पंखा थांबतो. नव्याने सोलर बसवलेल्या घरात हे पहिल्यांदा घडले की बसवणाऱ्याला लगोलग फोन जातो आणि 'संच बिघडला' अशी तक्रार होते. संच धडधाकट असतो. बाहेरच्या तारेत वीज नाही हे ओळखून इन्व्हर्टरने स्वतःला बंद करून घेतलेले असते, आणि त्याने तसेच करावे असा नियम आहे. डीपीवरून लाइन बंद करून, त्या भरवशावर वायरमन खांबावर चढलेला असतो. अशा वेळी कुणाच्या छपरावरून उलटी वीज तारेत आली, तर त्याच्या जिवावर बेतेल.

'सोलर बसवले की लाईट जाण्याची कटकट संपली' हा समज जितका पक्का, तितकाच चुकीचा आहे. कटकट संपवायची तर आणखी दोन गोष्टी लागतात: दुपारची वीज साठवणारी बॅटरी, आणि लाईट जाताच घराला बाहेरच्या तारेपासून तोडून आतल्या आत वीज चालू ठेवणारा हायब्रिड इन्व्हर्टर. पॅनेल आणि बॅटरी यांच्या या जोडीवरचे हे पुस्तक आहे. ही जोडी सर्वांनी घ्यावी असे ते सांगत नाही. बॅटरी नेमकी कशासाठी हवी, हा प्रश्न दुकानात पाऊल टाकण्याआधी घरात विचारला जावा, एवढा त्याचा आग्रह आहे.

बॅटरी आणि पॅनेल यांच्या जन्मात शतकभराचे अंतर आहे. फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते याने पुन्हा पुन्हा चार्ज होणारी शिसे-आम्लाची बॅटरी १८५९ मध्ये बनवली. आज जिन्याखाली ठेवलेली ट्यूब्युलर बॅटरी त्याच कुळातली. सिलिकॉनचा उपयोगी सौरघट मात्र १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पीअर्सन या तिघांनी जगापुढे आणला. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच वीज होत असे. आज बाजारातली चांगली पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे आहेत.

दोघांची गाठ पहिल्यांदा पडली ती जिथे तारच पोचलेली नव्हती तिथे: उपग्रहांवर, दीपगृहांवर, डोंगरावरच्या दूरसंचार मनोऱ्यांवर. भारतात हीच वाट खेड्यांकडे वळली. हरीश हांडे यांच्या 'सेल्को'ने १९९५ पासून कर्नाटकात एक पॅनेल, एक बॅटरी आणि मोजके दिवे असे छोटे संच बँकेच्या कर्जावर घरोघरी दिले. सुंदरबनातल्या सागर बेटावर गावापुरती सौरवीज केंद्रे उभी राहिली. हा या विषयातला सर्वांत जुना पंथ. इथे बॅटरी ही चैन नव्हती, तिच्याविना रात्री दिवाच लागत नसे. तार पोचली की यातले बरेच संच अडगळीत गेले आणि 'सोलर म्हणजे गरिबाची तात्पुरती वीज' असा एक शिक्का मागे राहिला. तो पुसला जायला बरीच वर्षे लागली.

दुसरा पंथ श्रीमंत देशांत, तार असलेल्या घरांत वाढला. तिथे बॅटरी आली ती सरकारी दरपत्रकांमुळे. जर्मनीचे उदाहरण या पुस्तकात वारंवार येते आणि ते योग्यच आहे. २००० सालच्या कायद्याने तिथल्या घरमालकाला छपरावरच्या प्रत्येक युनिटसाठी वीस वर्षे ठरलेला भाव मिळू लागला. २००४ मध्ये लहान छपरांसाठी हा भाव युनिटमागे ५७ सेंटच्या वर होता. इतका भाव मिळत असताना वीज घरात साठवणे वेडेपणाचे होते. सगळी विकायची आणि स्वतःला लागेल ती स्वस्तात विकत घ्यायची. पॅनेल स्वस्त होत गेली तसे नव्या संचांचे भाव उतरत उतरत आठ सेंटच्या आसपास आले, आणि बाहेरून घेतलेल्या विजेला तीस सेंटच्या वर मोजावे लागू लागले. गणित उलटे झाले. २०१३ पासून तिथल्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेने बॅटरीसाठी अनुदानासह कर्ज दिले आणि २०२३ संपेपर्यंत जर्मनीतल्या घरगुती बॅटऱ्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. जर्मनीत लाईट क्वचितच जाते. तरीही दहा लाख घरांनी बॅटरी घेतली, ती दुपारचे युनिट आठ सेंटला विकून संध्याकाळी तीसला परत घ्यायचे नव्हते म्हणून.

जपानची कथा याच वळणाची. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथे घरच्या वाढीव विजेला ४८ येनचा भाव दहा वर्षांसाठी बांधून दिला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये पहिल्या घरांचा करार संपला आणि भाव आठ येनच्या घरात आला. त्या वर्षी जपानी कंपन्यांनी बॅटरीच्या जाहिराती कुणाला पाठवायच्या यासाठी फार डोके चालवले नसावे. करार संपणाऱ्या ग्राहकांची यादी तयारच होती. कॅलिफोर्नियाने १५ एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या निर्यात केलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशाने कापला, आणि तिथे बॅटरीशिवाय सोलर घेणारे पाहता पाहता कमी झाले. ऑस्ट्रेलियात तीनपैकी एका घरावर पॅनेल आहेत. तिथे केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीवर सुमारे तीस टक्के सवलत सुरू केली.

या साऱ्या ठिकाणी आधी पॅनेल आली, मग बॅटरी. महाराष्ट्रात नेमके उलटे घडले.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली त्यांना हे वेगळे सांगायला नको. कोणत्या भागात किती ते किती लाईट जाणार याची वेळापत्रके वर्तमानपत्रांत छापून येत, दळण आणि पाणी त्यावर ठरे. त्या काळात मध्यमवर्गीय घरांत इन्व्हर्टर शिरला. जिन्याखाली किंवा गॅलरीत ट्यूब्युलर बॅटरी, शेजारी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाण्याची पातळी बघण्याचे घरातल्या कुणाकडे तरी सोपवलेले काम. पुढे भारनियमन ओसरले, बॅटरी मात्र राहिली. म्हणजे साठवण मराठी घराला नवी नाही. फक्त ती कोळशाची वीज साठवत होती, आणि साठवताना बरीच वाया घालवत होती.

त्यामुळे 'घरात बॅटरी आहेच, तिलाच सोलर जोडू' हा पहिला विचार अगदी स्वाभाविक, आणि याच ठिकाणी पुष्कळांचे पैसे अडकतात. बॅटरीच्या अंगावरचे आकडे वाचले तर कारण कळते. नेहमीच्या इन्व्हर्टर बॅटरीवर १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-अवर) असे लिहिलेले असते. गुणाकार केला की १,८०० वॉट-अवर, म्हणजे १.८ युनिट येते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाती उरते जेमतेम एक युनिट. शिवाय तिच्यावर 'सी-२०' असा शिक्का असतो. १५० एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू वीज काढली तरच खरा, असा त्याचा अर्थ. सोलरसाठी बनवलेल्या ट्यूब्युलर बॅटरीवर 'सी-१०' असते. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात, रंगही अनेकदा सारखाच असतो, आणि शिक्का वाचणारे गिऱ्हाईक विरळे.

लिथियमच्या बॅटरीचे गणित वेगळे आहे. आज घरांसाठी मुख्यतः लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या बॅटऱ्या विकल्या जातात. बाजारात तिला एलएफपी म्हणतात. ३.२ व्होल्टचे सोळा घट एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट होतात. १०० एएचची अशी पेटी सव्वापाच युनिटच्या किंचित खाली साठवते आणि त्यातले साडेचार युनिट निर्धास्त वापरता येतात. तिला पाणी घालावे लागत नाही, आत टाकलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या वर परत मिळते, आणि कंपन्या तिच्यावर दहा वर्षांची हमी देतात. या रसायनाचा पाया घालणारा शोधनिबंध १९९७ सालचा. टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्यासोबत त्यावर पाढी आणि नंजुंडस्वामी अशी दोन भारतीय नावे आहेत. गुडइनफ यांना २०१९ चे नोबेल मिळाले. उरलेली दोन नावे आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

किमतीची घसरण हे या विषयाला आज आलेल्या उधाणाचे खरे कारण. ब्लूमबर्गच्या ऊर्जा विभागाच्या पाहणीप्रमाणे लिथियम बॅटरीचा सरासरी भाव २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. हा कारखान्याच्या दारातला सरासरी भाव आहे, सांगलीतल्या किंवा वाशीमच्या दुकानातला नव्हे. पण उतार दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आता हिशेब. महाराष्ट्रात एक किलोवॉटची पॅनेल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतात. तीन किलोवॉटचा संच म्हणजे बारा युनिट. बहुतेक लहान कुटुंबांना एवढी वीज पुरून उरते, पण ती येते दहा ते चारच्या दरम्यान आणि लागते संध्याकाळी सातनंतर. ही तफावत आज नेट मीटर भरून काढतो. राज्यात नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले आणि २०१९ मध्ये बदलले. दिवसा बाहेर गेलेली युनिट खात्यावर जमा होतात, रात्री घेतलेली त्यातून वजा होतात, शिल्लक पुढच्या महिन्यात जाते आणि ३१ मार्चला हिशेब मिटतो. घरमालकासाठी महावितरण हीच एक भली थोरली बॅटरी आहे, आणि तिचे भाडे जवळपास शून्य आहे.

त्यात २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेची भर पडली. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते. ते पॅनेलच्या क्षमतेवर मोजले जाते. बॅटरीसाठी वेगळा रुपयाही नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातले पहिले सौरग्राम ठरले.

अशा स्थितीत बॅटरी परवडते का? समजा पाच युनिटची बॅटरी लाखभर रुपयांना पडली आणि दहा वर्षे रोज साडेचार युनिट आत-बाहेर झाली. एकूण १६,००० युनिटच्या वर हिशेब जातो, म्हणजे दर युनिटमागे साठवणीचा खर्च सहा रुपये. जे काम नेट मीटर फुकट करतो त्याला सहा रुपये मोजणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. म्हणून 'बॅटरी घ्या, बिल वाचवा' असे नेट मीटर असलेल्या घराला सांगणारा विक्रेता एक तर अज्ञानी असतो किंवा फारच सज्ञान. पुस्तकाने हे आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

बॅटरीची किंमत वसूल होते ती बिलाच्या बाहेर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात खांब आडवे झाले आणि अनेक गावांना वीज परत यायला आठवडे लागले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज सकाळी गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. घरात ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेला रुग्ण, फ्रिजमधले इन्सुलिन, गावच्या दवाखान्यातल्या लसी, घरून काम करणाऱ्याचा राउटर: यांच्यासाठी सहा रुपये युनिट ही रक्कम वेगळ्या तराजूत तोलावी लागते. ज्या घरात जनरेटर चालतो, तिथे तर डिझेलच्या विजेपेक्षा बॅटरी नक्कीच स्वस्त. शेजारच्या पाकिस्तानने या बाबतीत आपले डोळे उघडले आहेत. महागडी वीज आणि सततचे भारनियमन यांना कंटाळून तिथल्या लोकांनी कुठल्या मोठ्या सरकारी योजनेची वाट न पाहता चीनमधून पॅनेल मागवली. एकट्या २०२४ मध्ये सुमारे सतरा गिगावॉटची.

मात्र कोकणात बॅटरीकडून भलती अपेक्षा ठेवू नये. घरची बॅटरी दुपार रात्रीला देते, उन्हाळा पावसाळ्याला देत नाही. जुलैत सलग आठ दिवस सूर्य दिसला नाही, तर घरची चांगली मोठी पेटीही तिसऱ्या दिवशी रिकामी होते. 'मीटरच काढून टाकतो' म्हणणाऱ्याने त्या आठ दिवसांसाठी वर्षभर न लागणारी पॅनेल आणि बॅटऱ्या घेऊन ठेवाव्या लागतात. त्यापेक्षा एप्रिल-मेची शिल्लक नेट मीटरवर ठेवून जुलैत वापरणे शहाणपणाचे. आणि किनाऱ्यावर बॅटरीआधी छपरावरच्या सांगाड्याचे बोल्ट तपासावेत. वादळात उडालेली पॅनेल बॅटरी भरत नाहीत.

विदर्भात शत्रू वेगळा. पंचवीस अंशांच्या वर पॅनेलचे तापमान जसे चढते तशी दर अंशामागे साधारण पाव ते अर्धा टक्का वीज घटते. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग साठ अंश सहज ओलांडतो. बॅटरीला उष्णता त्याहून जास्त बाधते. गच्चीवर पत्र्याच्या खोक्यात ठेवलेली लिथियम पेटी आणि खाली सावलीत, हवेशीर भिंतीवर लावलेली तीच पेटी यांच्या आयुष्यात वर्षांचा फरक पडतो. हे वायर टाकणाऱ्या पोराला सांगितलेले नसते. तो केबल वाचावी म्हणून पेटी गच्चीवरच ठेवून जातो.

घराघरांत बॅटरी नको, सगळ्यांची मिळून एकच असावी, असे मानणाराही एक पंथ आहे. गुजरातमधल्या मोढेऱ्यात २०२२ मध्ये हजारावर घरांच्या छपरांवर पॅनेल बसली, पण साठवण सौरकेंद्राजवळ एकत्र ठेवली गेली. दिल्लीत किलोकरीच्या उपकेंद्रात २०२५ मध्ये वीस मेगावॉटची बॅटरी बसली. महाराष्ट्राला तर सामाईक साठवणीची ओळख जुनीच आहे. घाटघरला पाणी वर चढवून ठेवायचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॉट वीज काढायची, हे २००८ पासून चालू आहे. सहकाराच्या या भूमीत गृहनिर्माण सोसायट्यांनी लिफ्ट आणि पंपासाठी एकत्र बॅटरी घेणे सर्वांत सोपे असायला हवे होते. प्रत्यक्षात गच्चीवर हक्क कुणाचा, यावरच सर्वसाधारण सभा संपते. पुस्तकात या भागाला आणखी जागा मिळायला हवी होती.

आणखी एक पंथ बॅटरीच टाळू पाहतो, आणि पुस्तकाच्या लेखकाचा कल काहीसा तिकडे झुकलेला दिसतो. पाण्याची टाकी दुपारी भरावी, वॉशिंग मशीन बारा वाजता लावावे, गीझरचे पाणी उन्हातच तापवून घ्यावे. पुण्यात सौर बंब घराघरांत रुजले आहेत, ते याच विचाराचे. शेतातल्या सौर कृषीपंपाला बॅटरी नसते. विहिरीतून काढलेले पाणी शेततळ्यात साठते. घरात कुणीच दुपारी नसेल तर हा उपदेश कोरडा राहतो हेही खरे, पण टायमर बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतो.

मग हे पुस्तक आत्ताच का हवे? कारण फुकटची थोरली बॅटरी कायम फुकट राहील याची खात्री नाही. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये शंभर गिगावॉटच्या पुढे गेली. दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी औष्णिक केंद्रांकडे व कोयनेच्या जलविद्युतकडे धाव घ्यावी लागते. जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरणने सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंतच्या वापरावर सवलत दिली. म्हणजे दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट एकाच भावाचे नाही, हे बिलावर छापून येऊ लागले. केंद्रीय वीज प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या सौर प्रकल्पांच्या निविदांत साठवणीची सूचना केली. केरळच्या नियामक आयोगाच्या २०२५ च्या मसुद्यात मोठ्या घरगुती संचांसाठी बॅटरीची अट पुढे आली आणि त्यावर मोठे वादळ उठले. जर्मनी, जपान, कॅलिफोर्निया यांनी जे वळण घेतले त्याच्या अलीकडे आपण उभे आहोत. वळण कधी येईल हे नियामक आयोग ठरवेल. घरमालकाला आज करता येण्यासारखी एक गोष्ट म्हणजे नवा संच घेताना पुढे बॅटरी जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर निवडणे. त्यासाठी थोडे जास्त मोजावे लागतात, पण बॅटरीचे पैसे आज अडकत नाहीत. या सल्ल्याशी सगळे तज्ज्ञ सहमत होणार नाहीत. पाच वर्षांनी येणारी बॅटरी आजच्या इन्व्हर्टरशी बोलेल का, अशी शंका ते काढतील, आणि ती रास्त आहे.

रसायनही बदलते आहे. पुण्यातल्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. पुण्याच्याच आयसर या विज्ञानसंस्थेचा त्यात वाटा आहे. सोडियम मिठातून मिळते, लिथियम आयात करावे लागते. सोडियमची बॅटरी घरगुती पेटीच्या रूपात दुकानात येईपर्यंत वाट बघत बसावे असा मात्र याचा अर्थ नाही. जुन्या बॅटऱ्यांचे काय करायचे हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. २०२२ च्या नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तरी शिशाची बॅटरी आजही भंगारवाल्याकडे जाते आणि कुठल्या तरी उघड्या भट्टीत वितळते.

या पुस्तकाने कोणत्याही ब्रँडची शिफारस केलेली नाही, आणि ते मुद्दाम. भाव सहा महिन्यांत शिळे होतात, म्हणून किमतींऐवजी हिशेबाची रीत दिली आहे. भाषा दुकानात आणि वायरमनच्या तोंडी असते तीच ठेवली आहे. 'विद्युत घटमाला' शोधत बसावे लागत नाही. घरमालकाइतकेच हे इलेक्ट्रिशियन आणि सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी आहे, कारण चुका बहुधा या तिघांच्या मधल्या फटीत होतात.

वाचकाने पुस्तक उघडण्याआधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिले काढून शेजारी ठेवावीत, आणि गेल्या वर्षात लाईट किती वेळा व किती तास गेली हे घरातल्यांना विचारून एका कागदावर लिहावे. पुस्तकातली कोष्टके त्या दोन कागदांवाचून भरता येणार नाहीत.